पाण्याला घातलेली पाळ

अलकनंदाने समुद्र कधी पाहिला नाही. तरी अकरा वर्षं ती मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, धानाच्या गोदामावरच्या आमच्या ऑफिसात बसून, हिमनद्यांनी कोरून काढलेल्या एका परदेशी किनाऱ्याचे नकाशे काढते आहे. विमानातून घेतलेले फोटो संगणकावर यायचे. सारख्या उंचीच्या जागा जोडत ती रेघा ओढायची, मी तपासून सही करायचो. दिवसभर तिने ते उघडेबोडके डोंगरकडे न्याहाळायचे आणि पाचच्या ठोक्याला लकवा मारलेल्या आईची कूस बदलायला घरी पळायचं. तिचा भाऊ रजत पुण्याला. फोनवरून सल्ले देण्यात पटाईत.

यंदा नागपूरच्या मुख्य ऑफिसात एक जागा निघाली. अट एकच, बारा नकाशे बिनचूक हवेत. आईला घेऊनच जायचं म्हणून तिने तिथे खोलीही पाहून ठेवली.

"नीळकंठभाऊ, इथं जीव घुसमटून राह्यला माह्या," ती मला म्हणाली होती.

अकराव्या नकाशात दोन कड्यांमधून आत शिरलेलं लांबट पाणी होतं आणि त्याच्या तोंडाशी दगडगोट्यांची आडवी रांग. अलकनंदाने तिथे पाळ, म्हणजे पाणी अडवणारा बांध, दाखवली आणि आतल्या पाण्यावर 'तलाव' लिहिलं. जवळच्या लालबर्‍याच्या वाटेवर असे तलाव बघतच आम्ही मोठे झालो. मलाही पाळच दिसली. सही ठोकली.

नकाशा चुकीचा ठरून परत आला. फोटो ओहोटीच्या वेळचा होता. ते गोटे हिमनदीने आणून टाकलेले, भरतीला समुद्र त्यांच्यावरून आत येतो. भरती-ओहोटी आम्ही फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलेली!

"किसकी गलती है?" साहेबांनी विचारलं.

आधी तपासणाऱ्याची, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ती गेली की ही कोंदट खोली आणि हा साहेब माझ्या एकट्याच्या गळ्यात, असं मनात आलं आणि तोंड उघडलंच नाही. सांगताना लाज वाटते.

"मेरी," अलकनंदा म्हणाली. नागपूर संपलं.

दुपारी ती पाळ पुसत बसली होती.

"भाऊ, तुमाले नाही दिसलं काय?"

"मलेबी पाळच दिसली."

"मंग साहेबाले काहून नाही सांगितलं?"

मी फायली चाळत राहिलो. पाच वाजले. ती आईची कूस बदलायला निघून गेली.