तिसरी फ्लॉपी कुठं ठेवलीस?

जिथं माणसं घाबरून येतात तिथं किस्से आपोआप साचतात. डॉक्टरकडे, वकिलाकडे आणि माझ्याकडे! नव्वदच्या दशकात सांगलीत कॉलेजमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. मी सातवी पास. डिक्शनरी मांडीवर घेऊन कॉम्प्युटरचं इंग्रजी मॅन्युअल एकटीनं वाचलं आणि मग एम.फिल., पीएच.डी.च्या पोरांना दम भरायला लागले. "प्रबंधाच्या तीन प्रती! एक माझ्या मशीनवर, एक माझ्या डब्यातल्या फ्लॉपीत, तिसरी फ्लॉपी दुसऱ्या गावाला!" तोंडावर मला आक्का म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे, ते मी विचारलं नाही.

* * *

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इतिहासाचा एकजण आला. फ्लॉपी मशीनला वाचता येईना. पत्रा सरकवून बघते तर आत हळद, कुंकू आणि झेंडूची पाकळी!

"आवं आक्का, खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात न्हवं? आमचं हत्यार ह्येच की!"

"तुझ्या वडिलांनी ट्रॅक्टर पुजला असेल ना? मग डिझेलच्या टाकीत कुंकू ओतलं का त्यांनी?"

* * *

महाबळेश्वरचा वनस्पतिशास्त्रवाला जुलैअखेर फ्लॉपी घेऊन आला. आत पांढरी बुरशी! वरून आईनं ती वाळवायला चुलीजवळ ठेवलेली, म्हणून कडेनं पापडासारखी वाकलेली. मी कपाळाला हात लावला. पण पठ्ठ्या खूष! त्याचा विषयच बुरशी. फ्लॉपी गेली ती गेलीच, बुरशी मात्र खरवडून बाटलीत भरून नेली त्यानं.

* * *

साताऱ्याच्या एका गाइडसाहेबांना विद्यार्थ्यानं फ्लॉपी दिली. साहेबांच्या मशीनवर आमचा मराठी फॉन्टच नव्हता. प्रिंट काढली ती सगळी चौकटी, उलटे स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं! साहेबांनी चाळीस पानं नीट तपासून परत पाठवली. समासात लाल शाईनं शेरा: "भाषा थोडी सोपी हवी."

* * *

कराडच्या एकाला विचारलं, "प्रती वेगवेगळ्या ठेवल्यास ना?"

"व्हय आक्का. एक वरच्या कप्प्यात, एक मधल्या, एक खालच्या."

"कशाच्या कप्प्यात?"

"बॅगंच्या."

"आणि बॅग?"

"त्येच सांगायला आलोय. एस.टी.त ऱ्हायली!"

* * *

सुनंदा कवठे महांकाळची. नवरा फौजेत, घरात ती आणि सासू. साताऱ्याच्या कॉलेजात नोकरी ठरलेली. अट एकच, शनिवारपर्यंत एम.फिल.चा प्रबंध जमा झाला पाहिजे. गुरुवारी माझ्या मशीनची हार्ड डिस्क कटकट करून गप्प झाली. मी ऐटीत डबा उघडला. तिची फ्लॉपी कोरी! आदल्या आठवड्यात मीच, माझ्या हातानं, रिकामी समजून फॉरमॅट केलेली. हे मी आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी तिला मात्र सांगितलं.

राहिली तिसरी. ती गावी, सासूच्या ट्रंकेत.

सुनंदा एवढंसं तोंड करून म्हणाली, "आत्याबाई देतील का हो? मी गेले की त्या एकट्या. परवाच म्हणाल्या, तुझी नोकरी माझ्या ट्रंकंत हाय आन् किल्ली माझ्या कंबरंला."

ती रात्रीच्या गाडीनं गावी गेली. शुक्रवारी सकाळी दुकान उघडते तर दारात सासूबाई उभ्या, सुनंदा मागं. पिशवीतनं रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी काढली, पण माझ्या हातात दिली नाही.

"कुठं घालायची, दावा. मी घालती."

दुकानातल्या दुसऱ्या मशीनमध्ये स्वतः घातली. घुरघुर चालू असेपर्यंत स्टुलावर ताठ बसून राहिल्या. संपल्यावर मी फ्लॉपी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"निघालं समदं?"

"निघालं."

"मंजी ही आता मोकळी?"

"नाही हो. मशीनवर आलं, आणि तुमच्याकडंही आहे तसंच आहे."

"कायबी कमी न्हाई झालं?"

"एक अक्षरसुद्धा नाही."

त्यांनी फ्लॉपी उलटीपालटी करून बघितली. सावकाश रुमालात गुंडाळली, पिशवीत तळाशी ठेवली. आणि सुनेकडं न बघताच म्हणाल्या,

"मग जा तू साताऱ्याला."