टमाट्यांवरचा मांडव

जनकाबाईकडे कुणी नुसतं बोलायला गेलं, की ती आधी त्याला कामाला लावते. मी अमडापुरात तिच्या शेजारी राहते. पेन्शन घ्यायला लागल्यापासून टमाट्याची झाडं सुतळीनं बांधणं माझ्याकडेच आहे.

यंदा एप्रिलात तिच्या टमाट्याला फुलगळ लागली. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मातीत. ऊनच तसं होतं. घरात मुलीचं, समताचं, लग्न ठरलेलं, मेअखेरची तारीख. मांडवासाठी जनकाबाईच्या नवऱ्यानं, देवानंदनं, चिखलीहून हिरवी जाळी आणून ठेवली होती. जनकाबाईनं ती उचलली आणि टमाट्यांवर ताणली.

घाईत बांधली ती झाडांच्या शेंड्यांना टेकेल इतकी खाली, शिवाय चारी बाजू बंद. झाडं आत उकडायला लागली. मी म्हटलं, "अगं, झाडं आहेत ती. टोपल्यातल्या भाकरी नव्हेत."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. देवानंदला हाक मारली, "बांबू आना." जाळी माणसाच्या डोक्यावर गेली, बाजू मोकळ्या झाल्या, फक्त मावळतीकडे पडदा राहिला. ठिबकचं पाणी पहाटे सुरू झालं. फुलं टिकली. मग गोट्यांएवढी हिरवी फळं दिसली आणि बाई गुणगुणायला लागली. गळा वाईट आहे तिचा, पण ऐकून घेतलं.

लग्न जवळ आलं तसा देवानंद म्हणाला, "आता जाळी काढा लागते. बाराचं लगन हाये."

"काढली त फळं भाजतीन."

"मंग पाव्हने भाजू देऊ?"

दुसरी जाळी चिखलीत मिळेना, मांडववाले सगळे आधीच ठरलेले. जनकाबाईनं मोबाइल काढला आणि लोणारला नवरदेवाच्या वडलांना, किसनरावांना, लावला. स्पीकरवर, म्हणून मलाही ऐकू आलं.

"जय भीम, ईवाईबुवा. लगन संध्याकाळी ठेवू."

"काऊन? पत्रिकेत बारा छापले."

"आपल्यात मुहूर्त पाह्यतेत का?"

"नाही पाह्यत."

"मंग बाराले काय सोनं लागलं?"

मुहूर्त सोडून आता पिढ्या झाल्या, तरी लग्न लावायचं ते भर दुपारी बारालाच, या खुळाचा मला जुना राग आहे. मनात म्हटलं, बोल गं बाई, सोडू नकोस.

"जेवनात काय ठेवलं?" किसनरावांनी विचारलं.

"हिरव्या टमाट्याची चटणी. मांडवाची जाळी टमाट्यावर राह्यली त."

"मंग राहू द्या जाळी," ते म्हणाले. "मी सांगतो पाव्हन्याइले."

ऊन कलल्यावर अंगणात, मोकळ्या आभाळाखाली लग्न लागलं. वंदना झाली, हार घातले, पांढऱ्या साडीत समता कुणालाही न घाबरता हसत होती. चटणी दोनदा वाढून घेतल्यावर किसनराव उठले. "चाला, दाखवा ते टमाटे."

निम्मं वऱ्हाड मळ्यात. जाळीखाली पहिली फळं रंगावर आलेली, एकावरही उन्हाचा पांढरा चट्टा नाही. फोटोवाला नवरा-नवरीला तिथंच उभं करून मागं मागं सरकत होता.

"पाइपावर पाय नको देऊ बे," जनकाबाई म्हणाली. मग किसनरावांकडे वळली. ते नव्या कोऱ्या कपड्यात, हात मागं बांधून कौतुक करत होते. तिनं रिकामं कॅरेट त्यांच्यापुढं सरकवलं.

"उभेच हाये त तोडू लागा."

त्यांनी बाह्या वर केल्या.