मास्तरच खुनी

आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, सगळं आधी गल्लीत आणि मग घरात. सिनेमाला गेलो तर मध्यंतराच्या आत शेवट सांगून मोकळे. त्या मालिकेचंही तसंच झालं, असं मी धरून चालले.

तेव्हा जो तो तिचंच कौतुक करायचा. परदेशातली, पण हिंदीत केलेली. डोंगरातलं गाव, शाळेतून घरी न परतलेली पोरगी, तिचा मास्तर आणि कधी न हसणारी एक पोलीस बाई. ह्यांनी रजा टाकून सगळी बघितली. मग मला बसवलं. पहिला भाग बघून मी भाकरी थापायला उठले, तर हे मागनं आलेच.

"मास्तरच खुनी हाय बघ."

माझं डोकंच सणकलं. पिठाच्या हातानं जाऊन टीव्ही बंद केला. "जळ्ळा तुमचा मास्तर! आता बघतच न्हाय मी." आणि नाही बघितली. मी गडहिंग्लजची, एकदा नाही म्हटलं की नाही.

पुढं कितीतरी वर्षं जेवण झालं की हे म्हणायचे, "अगं, बघ तरी एकदा." मी म्हणायचे, "शेवट सांगून ठेवलाय की, आता काय चाटायचंय त्याला?" मग हे टॉवेलनं तोंड पुसत गॅलरीत जायचे. मला वाटायचं, ओशाळले.

गेल्या हिवाळ्यात हे झोपेतच गेले. मी रडले नाही. बायका आपसांत कुजबुजल्या, "दगड हाय." खोटं कशाला बोलू, आत काही हलतच नव्हतं. आमटीत मीठ पडलंय का नाही तेही कळायचं नाही. गडमुडशिंगीची माझी धाकटी नणंद दूध घेऊन यायची, माझ्याकडं बघत बसायची. "वैनी, रडा की एकदा. असं बरं न्हवं."

"येईल तेव्हा येईल," मी म्हणायचे. पण मनातून भ्याले होते. एवढ्या वर्षांचा संसार आणि डोळ्यात टिपूस नाही, म्हणजे होतं तरी काय आमच्यात?

दुपारी घर खायला उठायचं, म्हणून टीव्ही लावायला लागले. तीच मालिका निवडली, कारण तिचा शेवट माहीत होता. पुढं काय होणार ह्याची धास्ती मला आता नकोच होती.

रोज एक भाग. मांडीवर मेथी, समोर मास्तर. मास्तर पोरांना वह्या वाटतोय. मास्तर पोरीला शोधत रानात हिंडतोय. म्हटलं, हिंड, कर नाटकं. लोकांनी एवढं काय डोक्यावर घेतलं होतं कळेना. पोरीची आई धाय मोकलून रडली, तरी मी आपली मेथी निवडतेय. शेजारची एक म्हातारी त्या आईला रोज सूप आणून द्यायची, तेवढी मला बरी वाटली.

शेवटच्या भागाच्या वेळी नणंद आत चहा टाकत होती. पोलीस बाईनं दार वाजवलं. ते मास्तराचं नव्हतं, म्हातारीचं होतं. आणि म्हातारीनं सूप ढवळत ढवळत सगळं कबूल केलं.

मी मागं नेऊन परत बघितलं. म्हातारीच. मास्तरानं काहीसुद्धा केलं नव्हतं.

मग तो टॉवेल आठवला. ओशाळले कुठले, हसू दाबत होते! सगळ्या जगाची गुपितं ओकणारा माणूस, आणि ही एक थाप इतकी वर्षं पोटात घेऊन बसला. बघ तरी, बघ तरी करत राहिला, पण खरं काय ते सांगितलं नाही.

"अहो, काय लबाड हो तुम्ही!" मी मोठ्यानं बोलले आणि मान वळवली. ह्यांच्या खुर्चीवर मेथीची जुडी होती. हसायला लागले, त्या हसण्याचंच रडू झालं आणि मग काही केल्या ते आवरेना.

नणंद पळत आली. "वैनी, काय झालं? बोला की!"

"मास्तर न्हवता गं," मी म्हटलं. तिला काय कळणार? माझं भिजलेलं तोंड ती पदरानं पुसायला लागली, तर मी तिचा हात धरला. "राहू दे. हेच तोंड बघायला थांबला होता गं तुझा दादा."