फिल्मवर दादाचा हात

उतारे, गंडेदोरे, अंगात येणं... आमच्या घरात यातलं काहीच नाही. आम्ही बौद्ध. बाबांनी लहानपणीच सांगितलेलं, आधी तपासायचं, मग मानायचं. पुढे माझं कामही तपासण्याचंच झालं. वेल्डिंगचे एक्स-रे काढायचे, आत भेग आहे का, पोकळी आहे का ते पाहायचं आणि पास-नापास ठरवायचं. त्यामुळे हे मी लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाहीये. तरी लिहिते.

खामगावच्या एका तेल मिलमध्ये माझा मोठा भाऊ, मिलिंददादा, बॉयलर चालवायचा. त्या बॉयलरचा एक जोड नव्याने वेल्ड केला आणि तपासणीचं काम आमच्या एजन्सीकडे आलं. रविवार, मिल बंद, भर दुपार. सोबत माझे सिनियर देशमुख काका. किरणांचा स्रोत बॉयलरच्या आत, फिल्म बाहेर जोडावर चिकटवलेल्या... आणि माणसं सगळी, किरणांपासून लांब राहावं म्हणून बांधलेल्या दोरीच्या बाहेर, लिंबाखाली. दादा माझ्या शेजारीच बसून चहा पीत होता.

फिल्म धुतल्या, व्ह्यूअरच्या उजेडावर लावल्या. जोड एकदम स्वच्छ. फक्त एका फिल्मवर जोडाच्या आडवा एक हात होता. कोपरापासून मनगटापर्यंत. दोन हाडं, त्यातल्या एकावर सहा स्क्रूंची प्लेट, शेवटचा स्क्रू जरा तिरका.

तो हात मी ओळखला. गाडीवरून पडला होता तेव्हा दादाच्या उजव्या हातात ही प्लेट टाकली होती. त्याचा एक्स-रे घेऊन दवाखान्यात मीच फिरले होते.

आणि एक सांगते — एवढ्या जाड लोखंडाच्या आरपार जाणाऱ्या किरणांमध्ये हाड उमटतच नाही.

"कोनी आत गेलतं काय?" देशमुख काकांनी विचारलं.

"आपण समोरच होतो ना, काका."

त्याच जागेची पुन्हा फिल्म काढली. नुसता जोड. काका म्हणाले, जुनी वापरलेली फिल्म असंल. पण फिल्मचं सीलबंद पाकीट मी स्वतः फोडलं होतं.

माझ्या मनाने एकच घेतलं... बॉयलर फुटणार, आणि दादा त्याच्यासमोर असणार.

मॅनेजर वैतागला. "ताई, जोड पास हाये का नाही, तेवढं सांगा."

"पास आहे. पण..."

"मंग पण काऊन?"

हातापाया पडून थोडा वेळ मागून घेतला. अल्ट्रासोनिकचा, म्हणजे ध्वनिलहरींचा प्रोब घेऊन बॉयलरच्या अख्ख्या ड्रमची जाडी मोजली, बोटाबोटावर. प्रत्येक रीडिंग बरोबर. कुठेतरी दोष सापडावा म्हणून मी रडत होते... सापडला असता तर बॉयलर थांबवता आला असता. माझ्या हातात दुसरं काय होतं?

दादाला फिल्म दाखवली. त्याने ती उजेडाकडे धरली, परत दिली. मग म्हणाला, "तू काऊन एवढी भेवून राह्यली? तूच म्हनते ना, मशीन खोटं बोलत नाही. मशीन तं पास म्हनते."

"काम सोड, दादा. दुसरं पाहू."

"फोटोत दिसलो म्हनून घरी बसू काय? घरच्याईले काय खाऊ घालू?"

तो रोज जात राहिला. फोन वाजला की मिलचा नंबर तर नाही ना, ते मी आधी पाहायचे. आईला काही सांगता येईना. बॉयलरला मात्र काहीच झालं नाही. आजही तो चालू आहे.

मग एका सकाळी तो फोन आला. दादा बॉयलरच्या शिडीवर चढत होता. उजव्या हाताने वरचा दांडा धरला, अंगाचा भार टाकला... आणि हातातली प्लेटच तुटली. तो पाठीवर पडला, डोकं फरशीवर आपटलं.

अकोल्याला नेलं. तो बेशुद्ध. डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे दाखवला. तिसऱ्या आणि चौथ्या स्क्रूच्या मधे प्लेटचे दोन तुकडे. म्हणाले, "धातू थकतो. भेग आधीपासून वाढत आली असणार."

मी देशमुख काकांना फोन करून ती फिल्म घेऊन दवाखान्यात बोलावलं. वॉर्डच्या खिडकीशी धरली. तिसऱ्या आणि चौथ्या स्क्रूच्या मधे केसाएवढी काळी रेघ होती. लोखंडातली भेग फिल्मवर अशीच दिसते. अशा रेघा शोधायचाच मला पगार मिळतो. अख्खा बॉयलर तपासला, आणि प्लेटकडे मी तपासायच्या नजरेनं पाहिलंच नव्हतं. काका माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

दादा वाचला. हातात नवी प्लेट आहे, पण एका कानाने ऐकू येत नाही आणि चालताना भिंत धरावी लागते. बॉयलरचं काम गेलं. परवा आईने दिलेला चहा पिताना त्याने मला विचारलं, "त्या दिवशी मी तुह्याजवळच बसून होतो ना?"

"हाव, दादा."

"मंग आत हात कोनाचा होता?"

इथे कुणाला ठाऊक असेल तर सांगा... मला अजूनही माहीत नाही.