दीड हात खाली ठोकलेली पट्टी

उन्हाळ्यात तुमच्या नळाला पाणी येणार की नाही, हे कोण ठरवतं, सांगता येईल? नगरपालिका म्हणाल. चूक. परवा ते विद्यापीठाच्या सभागृहात ठरत होतं, प्रदेशाचं पर्यावरण आणि अर्थकारण या विषयावरच्या व्याख्यानमालेत, चहाबिस्किटांसकट. प्रवेश सर्वांना खुला होता. तोंड उघडायची सोय मात्र नव्हती.

आमच्या गल्लीतल्या पट्टीवाल्या मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. बावीस वर्षं त्या नदीकाठच्या पंपघरात नोकरीला आहेत. रोज सकाळी सहाला पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभ्या लोखंडी मोजपट्टीवर पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. लेकीच्या बाळंतपणातही आधी पट्टी, मग दवाखाना. नवरा म्हणायचा, माझ्या तोंडाकडे एवढं बघितलं असतंस तर संसार सोन्याचा झाला असता. त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं: तुमच्या तोंडात रोज नवं काय असतं?

सहा वर्षांपूर्वीच्या पुरात ती पट्टी वाहून गेली. ठेकेदाराच्या माणसांनी नवी ठोकली ती दीड हात खाली. का, तर खालच्या दगडात भोक पाडणं सोपं होतं. पट्टी खाली गेली की पाणी तेवढंच असलं तरी आकडा वर चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मावशींनी दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगितलं, अर्ज दिला. साहेब म्हणाले, पट्टी दाखवते ते लिहा, डोकं चालवू नका. मावशींनी आकडा लिहिला आणि पुढच्या रकान्यात शेराही मारला, ‘पट्टी दीड हात खाली’. सहा वर्षं, रोज. वरच्या कचेरीत आकडे उतरवून घेतले, शेरे गाळले.

आणि परवा व्याख्यानाला आलेल्या प्राध्यापकांनी पडद्यावर त्याच आकड्यांचा, गेल्या बारा वर्षांचा आलेख लावला. शहर वाढलं, पाऊस घटला, तरी नदीची रेघ जागची हलली नाही. मग काय, नदीत पाणी शिल्लक आहे. वरच्या अंगाला येणाऱ्या कापडरंगाईच्या कारखान्याला ते द्यायला हरकत नाही, चारशे जणांना काम मिळेल. टाळ्या पडल्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं.

मावशींनी माझं मनगट धरलं. हे आकडे माझे आहेत, म्हणाल्या, पण अर्धेच आणलेत.

प्रश्न चिठ्ठीवर द्यायचा होता: नाव, संस्था, पद, दोन ओळींत प्रश्न. मावशींची चिठ्ठी सूत्रसंचालकांनी वाचली आणि बाजूला सारली. हा प्रश्न नाही, विधान आहे, असं मला नंतर ऐकवलं. निवडला तो प्रश्न होता, सरांना या विषयाची प्रेरणा कुठून मिळाली. वा!

मावशी उठल्याच. सूत्रसंचालक म्हणाले, “आजी, बसा, वेळ संपला.”

“आजी तुमच्या घरी. इथे मी मोजणारी आहे. तुमची रेघ सरळ दिसतेय कारण पट्टी खाली ठोकलीय. मागच्या उन्हाळ्यात पंपाचं तोंड उघडं पडलं होतं, तेव्हा कुठे होती तुमची रेघ?”

प्राध्यापक हसले. लोकांच्या अनुभवालाही मोल असतं, असं काहीसं बोलले.

“अनुभव नाही हो, माप. वहीत रोज शेरा आहे.”

“शेरा? कसला शेरा?”

त्या माणसाने वही कधी बघितलीच नव्हती. चेहरा पडला त्याचा. पण या आलेखाचा अहवाल कारखान्याला पाणी द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीकडे गेलाय, आता कचेरीने लेखी चूक मान्य केल्याशिवाय आपल्याला काही करता येणार नाही, म्हणे. आणि कचेरीने केलं काय? दुसऱ्याच दिवशी मावशींनाच नोटीस: परवानगीशिवाय जाहीर ठिकाणी का बोललात? नोकरीची तीन वर्षं उरलीत त्यांची. मी म्हटलं, थोडं सबुरीने घ्या. त्या माझ्यावरच डाफरल्या: “घरी बसून पाणी वर येणार आहे का?”

समिती शुक्रवार संध्याकाळपर्यंत हरकती घेणार आहे. त्यानंतर परवानगी दिली, की आपल्या गल्लीचा पंप उन्हाळाभर हवा ओढत बसेल. माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्राध्यापकांवरही नको. उद्या सकाळी सहाला पंपघराच्या पायऱ्यांवर या. जुन्या पट्टीची भोकं वरच्या दगडात अजून आहेत. दोरी लावा, स्वतः मोजा, आणि मग हरकतीच्या अर्जावर मावशींच्या सहीखाली तुमची सही करा.