बेलेन आचीचा डावखुरा बेस

ग्वाग्वा गावातल्या अर्ध्या पोरांना या जगात सगळ्यात आधी ज्या हातांनी धरलं, ते हात बेलेन मल्यारीचे. सरकारी दवाखान्यातली सुईण. बुटकी, गुटगुटीत, पन्नाशीच्या पुढची, आणि हसायला लागली की समोरच्या फळवाल्यालाही कळावं असं हसणारी. तिला सगळे आची म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा आचीच म्हणायची.

आमचा आणि तिचा संबंध यायचं खरं तर काही कारण नव्हतं. आम्ही बेस गिटार वाजवणारी माणसं. कुणी लग्नाच्या बँडमध्ये, कुणी हॉटेलात, कुणी बोटीवर नोकरी करून परतलेला. मी लग्नांमध्ये वाजवतो. पण आमचं खरं वेड वाजवण्याचं नव्हे, हातानं घडवलेल्या बेसचं. एखादा कारागीर आपल्या पडवीत बसून वर्षाला मोजकेच बेस करतो, आणि त्याचा प्रत्येक बेस वेगळ्या स्वभावाचा निघतो. असा बेस हाती लागला की तो आम्ही आधी बघतो, मग हुंगतो, मग त्याच्या पाठीवर बोटानं टिचकी मारून कान लावतो, आणि सगळ्यात शेवटी वाजवतो. दर रविवारी चर्च सुटलं की कोरिंगच्या खाणावळीच्या मागच्या खोलीत आमचा बाजार भरायचा. टेबलांवर बेस मांडलेले, आणि भोवती आम्ही उपवर मुलं बघायला आल्यासारखे. ‘मान जरा जाड आहे.’ ‘आवाज घरंदाज आहे, पण वजन फार.’ पैसे क्वचितच निघायचे. व्यवहार बहुतेक अदलाबदलीचा.

एका रविवारी आची पुढच्या खोलीत परतलेल्या शेवयांचं पान्सित खात बसली होती. आमच्याकडे गर्दी झाली होती आणि टेबलं संपली होती. मी हातातला बेस घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो, “आची, दोन मिनिटं मांडीवर धर गं एवढं. पाडू नकोस.”

तिनं धरला. धरता धरता तिचा अंगठा सगळ्यात जाड तारेला लागला. बेसचं लाकूड तिच्या पोटाला टेकलेलं होतं. मग तिनं तीच तार पुन्हा छेडली, आणि पुन्हा. मी परत आलो तेव्हा पान्सित गार होऊन गेलं होतं आणि आची डोळे मिटून बसली होती.

“रोमी,” ती मला म्हणाली, “हे कानानं ऐकायचं नाहीच. हे बरगड्यांनी ऐकायचं.”

त्या दिवसापासून ती कामातून गेली. पुढच्या महिन्यात तिनं पहिला बेस घेतला, बोटीवरच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून. तिसऱ्या रविवारी तो देऊन दुसरा घेतला. मग तिसरा. आमच्यात कुणालाच अदलाबदलीचा एवढा सपाटा जमला नव्हता. ती टेबलापाशी यायची, बेस पोटाशी धरायची, एक तार छेडायची, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळी व्हायची. एकदा तर तिनं एक नावाजलेला जपानी बेस देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात एक वेडाविद्रा, माशासारख्या तोंडाचा बेस घेतला. आम्ही डोक्याला हात लावला. ती म्हणाली, त्याचं तोंड बघून मला सकाळी हसू येतं, तुमच्या जपान्याकडे बघून येत नव्हतं. दोन आठवड्यांत तोही गेला. कधी ती चांगलीच फसायची, कधी आम्हाला फसवायची, आणि दोन्ही वेळा तेवढीच खूश असायची.

एकच गोष्ट तिला येत नव्हती. वाजवणं. मी शिकवलं, माझ्यापेक्षा बरे वाजवणाऱ्यांनी शिकवलं. पण बोटं म्हणून वळतच नव्हती. साधा सरळ ठेका धरायचा तर उजवा हात लाकडासारखा व्हायचा. तिचा नवरा पोन्सो गावच्या वाजंत्रीत ट्रॉम्बोन वाजवायचा. तो म्हणायचा, “काळजी नको करू बेलेन. बेस वाजला काय आणि न वाजला काय, लोकांना कुठं कळतंय.” ती त्याला म्हणायची की तुझा ट्रॉम्बोन मात्र शेजारच्या गावालाही कळतो, म्हणून तर ते आपल्याला जेवायला बोलावत नाहीत. असं त्यांचं चालायचं. पण मनातून ती खट्टू होती, हे मला ठाऊक होतं. शेवटी आम्ही सगळे धरून चाललो की आचीच्या हातात संगीत नाही, फक्त पोटात आहे.

बेतिस गावात उस्तिंग सुंगा म्हणून एक कारागीर आहे. त्याचं घराणं चर्चमधले लाकडी संत कोरणाऱ्यांचं. त्यानं संत सोडून बेस करायला घेतले, म्हणून त्याच्या आईनं वर्षभर त्याच्याशी अबोला धरला होता. आम्ही एकदा सगळे मिळून त्याच्याकडे गेलो. तिथं भुशाचा आणि लाकडाच्या तेलाचा असा वास होता की आची दारातच थांबून श्वास घेत राहिली. भिंतीला नुसत्या माना टांगलेल्या होत्या, तारा नसलेल्या, धड नसलेल्या. तिनं त्यातली एक उचलली आणि कुणी बघत नाही असं समजून मांडीवर धरून खोटंखोटं वाजवायला लागली.

उस्तिंग बघत होता. त्यानं हातातली पटाशी खाली ठेवली.

“आची,” तो म्हणाला, “तू पोरांची नाळ कुठल्या हातानं कापतेस?”

“डाव्या,” ती म्हणाली. “का रे?”

“आणि ही गाढवं तुला इतकी वर्षं उजव्या हातानं वाजवायला लावतायत?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. तिनं मान उलटी धरली होती, आणि ती तिच्या हातात अशी शोभत होती की जणू तिथंच उगवली. आम्ही दरवेळी बेस तिच्या मांडीवर आम्हाला सोयीचा ठेवला, आणि तिनंही तो तसाच असतो असं समजून घेतलं. डाव्या हाताचा बेस असू शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती आधी चिडली. तिनं मला त्या लाकडी मानेनंच ढोसलं. मग तिला हसू फुटलं, आणि ती हसायला लागली म्हटल्यावर उस्तिंगची म्हातारी आई काय झालं म्हणून वरच्या मजल्यावरून खाली आली.

तिथल्या तिथं बेस ठरला. एका पाडलेल्या घराचा नारा लाकडाचा जिना उस्तिंगनं घेऊन ठेवला होता, तांबूस, मधासारखा, कित्येक पायांनी गुळगुळीत झालेला. त्याचं धड करायचं. बोटं फिरतात ती पट्टी काळ्याशार कमागोंग लाकडाची. उस्तिंगचा हात धिमा. तो म्हणाला, घाई करशील तर करणार नाही. आची म्हणाली, मला उशिराच्या कामाची सवय आहे, पोर यायचं तेव्हाच येतं.

पण राहवायचं नाही तिला. दवाखान्यातून सुटली की बेतिस. जाताना उस्तिंगच्या आईसाठी तिबोक-तिबोक न्यायची, म्हशीच्या दुधाचा, खरवसासारखा थरथरणारा पदार्थ. अर्धवट झालेल्या धडावरून ती हात फिरवायची. एकदा तिनं त्याला कान लावला तेव्हा उस्तिंग म्हणाला, अजून ठोके नाहीत त्याला, तारा लागू देत. आम्हीही तिच्याबरोबर जायला लागलो, आणि मग तो कारखाना म्हणजे आमचा दुसरा अड्डाच झाला. उस्तिंग वैतागून आम्हाला घासकागद द्यायचा आणि कामाला लावायचा.

बेस तयार झाला त्या दिवशी मी तिथं होतो. आचीनं तो घेतला, डाव्या अंगठ्यानं तार छेडली. खिडकीतलं तिबोक-तिबोक ताटलीत थरथरलं. मग दुसरी तार, मग तिसरी, आणि मग तिनं वर्षानुवर्षं मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला होता तो ठेका धरला. चुकत होता, अडखळत होता, पण ठेका होता. गाडीत बसतानाही ती थांबली नाही. माझ्या जीपमध्ये मागं बसून, बेस मांडीवर घेऊन, ती ग्वाग्वापर्यंत तोच ठेका वाजवत आली, आणि मी हॉर्न वाजवून साथ देत होतो. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवत होते. त्यांना वाटलं वरात आहे.

पुढं झपाट्यानं आलं तिला. गावच्या जत्रेला तिनं पोन्सोच्या वाजंत्रीबरोबर तीन गाणी वाजवली. तिसऱ्या गाण्यात पोन्सो आपली जागा विसरला, कारण तो ट्रॉम्बोन खाली धरून बायकोकडे बघत राहिला होता.

सगळं छान झालं, पण एक अडचण उभी राहिली. डाव्या हाताचा बेस कोण घेणार? आमच्यात डावखुरा एकही नव्हता. आचीनं नव्या बेससाठी आपले बाकीचे सगळे देऊन टाकले होते. ती रविवारी यायची, टेबलांवरचे बेस बघायची, आणि तिच्याकडे द्यायला काहीच नसायचं. तिचा जीव तीळतीळ तुटायचा. आम्ही चिडवायचो, की आची आता बाजारातून उठली, हिचं लग्न झालं. ती हसायची खरी, पण तिची बोटं टेबलाच्या कडेवर वळवळत असायची. एकदा मला हळूच म्हणाली, “रोमी, मला हा सोडायचा नाहीये. पण देवाणघेवाण नाही म्हणजे रविवार कसा आळणी वाटतो रे.”

अशातच मालोलोसहून एक वकील आले. अॅटर्नी गातमाइतान. उंच, जाडजूड, कपड्यांना कडक इस्त्री. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की ग्वाग्वात एका सुईणीकडे उस्तिंग सुंगाच्या हातचा डावखुरा बेस आहे. त्यांनी बरोबर एक पेटी आणली होती. नमस्कार झाले, कोरिंगनं खायला ठेवलं, ते त्यांनी बघितलंही नाही. पेटी उघडली. आत एका जर्मन कारागिराच्या हातचा बेस होता, अक्रोडाचा, मेणानं घासलेला, आणि त्याचा आकार असा की आमच्यातला एक जण चक्क खुर्चीवरून उठून उभा राहिला. तोही डावखुरा.

“मी जन्मभर इतरांचे बेस नुसते बघत आलोय,” अॅटर्नी म्हणाले. “हात लावावा तर उलटा. तुमचा जरा धरू का?”

आचीनं तिचा दिला, त्यांचा घेतला. दोघं समोरासमोर बसली. अॅटर्नींनी जिन्याच्या लाकडाचा तो बेस त्यांच्या भल्यामोठ्या पोटाशी धरला, खालची तार छेडली, आणि तो कडक इस्त्रीचा माणूस लहान पोरासारखा खिदळला. इकडे आचीनं अक्रोडाची तार छेडली आणि डोळे मिटले. ते मिटलेलेच राहिले. मला कळलं की आता भानगड होणार.

अॅटर्नी म्हणाले, अदलाबदल करू या. वर आणखी एक बेस देतो, घरी आहे. आची नाही म्हणाली. आणखी दोन देतो. ती नाही म्हणाली, पण अक्रोडाचा बेस काही खाली ठेवीना. अॅटर्नीही जिन्याचा खाली ठेवीनात. आमच्यात दोन तट पडले, एक देऊन टाक म्हणणारा, एक अजिबात देऊ नको म्हणणारा, आणि कोरिंग स्वयंपाकघरातून ओरडली की आधी खाऊन घ्या, सगळं गार होतंय.

शेवटी आचीनं डोळे उघडले.

“अॅटर्नी, तुमचा मला द्या. माझा तुम्ही न्या. पण महिन्यानं दोघांनी इथं परत यायचं.”

“परत करायला?”

“परत कसलं? सौदा करायला. नव्यानं. तुम्ही म्हणायचं तुमचा चांगला, मी म्हणायचं माझा. भांडायचं, घासाघीस करायची, आणि बदलून घरी जायचं. दर महिन्याला.”

अॅटर्नींनी हात पुढं केला. डावा. तिनंही डावाच केला. त्या दोघांच्या हस्तांदोलनाची आम्ही अजून नक्कल करतो.

ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात. आणि आची सौदा खराच करते. बेसची मान डोळ्यापुढं धरून सरळ आहे का बघते, अॅटर्नींनी कुठं ओरखडा पाडला असेल तर कोर्टात उभं केल्यासारखं विचारते, आणि त्या ओरखड्याबद्दल त्यांच्या बुलाकान भागातल्या मिठायांचा डबा वसूल करते. अॅटर्नी म्हणतात, तुमच्या घरी राहून माझ्या बेसला माशाचा वास लागतो. ती म्हणते, तुमच्याकडे राहून माझा बेस आळशी होतो, त्याला कुणी वाजवतच नाही. आम्ही साक्षीदार. एकदा सौदा इतका रंगला की मोडतो की काय असं वाटलं, आणि दोघं रुसून वेगवेगळ्या टेबलांवर जेवायला बसली. जेवण झाल्यावर जुळला.

मागच्या खेपेला आची उशिरा आली. पहाटेपासून एका बाईपाशी होती, जुळं झालं होतं. केस विस्कटलेले, पायांत दवाखान्यातल्याच चपला. पाठीवर पेटीत अक्रोडाचा बेस. अॅटर्नी म्हणाले, आज राहू द्या, दमलात, पुढच्या महिन्यात बघू. तिनं पेटी टेबलावर ठेवली, बाह्या वर सारल्या, आणि कोरिंगला मोठ्यानं सांगितलं की पान्सित दोन माणसांचं आण, आणि आज अॅटर्नींना नीट खाऊ घाल, कारण मी त्यांना आता घाम फोडणार आहे. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “हं, दाखवा. कुठं कुठं खराब केलात माझा?”