चाकाला हात न लावायला नांदगाव पेठेत

मागावरच्या धोट्याचा खटक्-खट् आवाज अजून कानात आहे. अकोल्याच्या गिरणीत विणाई मास्तर होतो, तेव्हा त्या ठेक्यावर शाळेतल्या कविता म्हणायचो. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली! पण पुतणी वैशालीचा फोन आला आणि घरात पाय ठरेना. ती नांदगाव पेठेच्या एका कारखान्यात कापड तपासते.

"काका, कापडाची रुंदी कमी-जास्त होऊन राहिली. एक लॉट वापस आला. दुसरा आला तं मले घरी बसवतीन."

सकाळचीच एसटी धरली. पंचाहत्तरी उलटली असेल तर तिकीट नाही, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. रस्ता आता इतका गुळगुळीत की डुलकी लागावी. मला लागली नाही. अमरावतीत गिला वडा खाल्ला (दही जास्तीचं मागा) आणि शेअर ऑटो भरेपर्यंत येरझारा घातल्या.

कारखान्यात कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रापाशी दिवसभर उभा राहिलो. त्याला कापडाची रुंदी कमी-जास्त करणारं एक चाक. पाळी बदलली की येणारा ऑपरेटर एकदाच मोजायचा, लगेच चाक फिरवायचा. सगळ्यांत हौशी रमेश.

"काहून फिरवतो बाबा?"

"कमी भरलं नं! अन् आल्या-आल्या हात नाई लावला तं लोक म्हनतीन, रम्या झोपून राहिला."

"अरे, थोडं इकडे-तिकडे होणारच. तू मागच्या कापडाची चूक पुढच्यावर काढून राहिला!"

"मास्तर, तुमची गिरणी बंद काहून पडली मंग?"

सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या सांगण्यावरून वैशालीने चाकाला दोरी बांधली, कोणी फिरवू नये म्हणून. दर अर्ध्या तासाने मोजायचं, चौकटीच्या कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके खाली-वर नाचले, पण एका पट्ट्यातच. त्यावरून तिने वर-खाली हद्दीच्या दोन रेघा मारल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एक ठिपका रेघेबाहेर उडाला. तेव्हाच यंत्र थांबवून पाहिलं: कापड धरणारा एक चिमटा झिजलेला. तो बदलला. चाक तसंच.

नवा लॉट जायच्या आधीच मी परतलो. तिथे थांबून नुसती घालमेल झाली असती. इथे येऊनही तीच. या प्रवासातून काय उरलं? कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे मला म्हातारपणी कळलं, आणि पोरीची नोकरी त्यावर टांगलेली.

आठवडा गेला. वैशालीचा फोन लागेना. सकाळी कडी वाजली. दारात रमेश, एसटीच्या धुळीनं माखलेला.

"लॉट पास झाला, मास्तर. ताईचा फोन बिघडला, तुमचा नंबर त्यातच अडकला, म्हनून मले धाडलं." मग चप्पल काढता-काढता म्हणाला, "पन आता पाळीवर हात नुसते शिवशिवून राहिले. ते रेघा कशा मारतेत, मले शिकवा."